सांगली-सातारा पट्ट्यात स्वतःच्या गाण्यांचा दौरा परवडेल असा कसा करावा?

विश्रामबागकर यांचा प्रश्न

नमस्कार. आमचा सांगलीतील पाच जणांचा बँड आहे आणि गेली तीन वर्षे आम्ही स्वतः लिहिलेली, स्वतः चाली लावलेली मराठी गाणी वाजवत आहोत. दोन गिटार, एक बेस, ड्रम्स आणि संबळ असा संच आहे. आमच्यापैकी दोघे अजून शिकत आहेत आणि एक जण कुपवाडच्या एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो, त्यामुळे शनिवार-रविवार सोडून बाहेर पडणे शक्य होत नाही.

फेब्रुवारीत आम्ही पुण्यातील एका कॅफेत कार्यक्रम केला. गाडीचे ९,५००, लॉजचे ४,८०० आणि जेवणाखाणाचे २,७०० असे एकूण १७,००० रुपये खर्च झाले. मानधन ८,००० ठरले होते, प्रत्यक्षात हाती ६,००० आले. समोर बावीस श्रोते होते आणि त्यातले नऊ जण पुण्यात शिकणारे आमचेच सांगलीचे मित्र होते. वाजवण्याचा आनंद खरा होता, पण असे दोन दौरे आणखी झाले तर बँड टिकणार नाही, याची मला मनापासून भीती वाटते.

खर्च आवाक्यात राहील आणि एकदा ऐकलेला श्रोता पुन्हा येईल, अशा रीतीने दौरा कसा आखावा? शिवाय तासगावच्या बाजूच्या एका यात्रा कमिटीने १५,००० रुपये देऊ केले आहेत, पण निम्मा वेळ चित्रपटगीते वाजवावीत अशी त्यांची अट आहे. हे निमंत्रण घ्यावे का?

कृष्णाकाठ यांचे उत्तर

मी कराडचा. आठ वर्षे एका बँडमध्ये ड्रम्स वाजवत होतो, म्हणून अनुभवावरून लिहितो.

आपण पहिलीच उडी पुण्यात घेतलीत, तिथे हिशोब बिघडला असे मला वाटते. सांगलीहून मिरज, इचलकरंजी, कोल्हापूर, इस्लामपूर, कराड आणि सातारा ही सगळी गावे दीडशे किलोमीटरच्या आत आहेत. यांपैकी कुठेही कार्यक्रम करून रात्री घरी परतता येते आणि लॉजचा खर्चच उरत नाही. माझे ठाम मत असे की पहिल्या वर्षी चारच गावे निवडावीत आणि दर तीन महिन्यांनी त्याच चार गावांत परत जावे. बारा नव्या गावांत एकेकदा वाजवून जे साधत नाही, ते एका गावात चौथ्यांदा गेल्यावर साधते, कारण श्रोता पहिल्या वेळी कुतूहलाने येतो आणि दुसऱ्या वेळी सोबत कोणाला तरी घेऊन येतो.

कराडमध्ये आमच्या पहिल्या कार्यक्रमाला अठरा माणसे होती. दाराशी एक साधी दोनशे पानी वही ठेवली होती आणि त्यात प्रत्येकाने नाव, व्हॉट्सॲप क्रमांक आणि वाटल्यास दोन ओळी लिहाव्यात अशी विनंती केली होती. एका शिक्षिकाबाईंनी लिहिले होते, ‘तिसरे गाणे परत कधी ऐकायला मिळेल?’ आम्ही त्या गाण्याचे शब्द आणि मोबाईलवर केलेले ध्वनिमुद्रण त्यांना दुसऱ्याच दिवशी पाठवले. पुढच्या कार्यक्रमाला त्या आपल्या शाळेतील सहा सहकाऱ्यांना घेऊन आल्या आणि तिसऱ्या वेळी वाचनालयाचा हॉल त्यांनीच मिळवून दिला. इन्स्टाग्रामवरच्या अनोळखी आकड्यांपेक्षा ती वही आम्हाला जास्त उपयोगी पडली, हे मी अगदी जबाबदारीने सांगतो.

जागा लहान घ्यावी. वाचनालयाचे सभागृह, खासगी क्लासची मोठी खोली, एखाद्या वाड्याचा चौक अशा पन्नास खुर्च्यांच्या ठिकाणी १५० रुपये तिकीट लावून चाळीस लोक आले तरी ६,००० रुपये जमतात आणि खोली भरलेली दिसते. तीनशे आसनांच्या नाट्यगृहात तेच चाळीस लोक विखुरलेले दिसतात आणि वाजवणाऱ्याचाही हात जड होतो. लहान खोलीत पूर्ण ड्रम्स नेऊ नयेत. एक काहॉन (ज्यावर बसून हाताने वाजवतात ते लाकडी खोके), एक स्नेअर ड्रम आणि तो हळू वाजवायचे ब्रश पुरतात, संबळ तर तुमच्याकडे आहेच. मग पाच माणसे आणि सगळा संच एका सात आसनी गाडीत बसतो. हा एक बदल केला तेव्हा आमचा वाहनखर्च जवळजवळ निम्म्यावर आला.

आणखी एक, ज्या गावात जाल तिथल्या बँडशी अदलाबदल ठरवा. त्यांनी तुम्हाला त्यांच्या गावात बोलवावे, त्यांचा अँप्लिफायर वापरू द्यावा आणि घरी जेवू घालावे. महिन्याभराने तुम्ही त्यांच्यासाठी सांगलीत तेच करावे.

घाटमाथा_विटा यांचे उत्तर

माझ्या वडिलांनी बरीच वर्षे तमाशाच्या फडात हिशोबाचे काम पाहिले. बँड आणि फड यांत पुष्कळ फरक आहे हे मान्य करूनही सांगतो, की खर्चात बसणारा दौरा कसा करायचा, याचे ज्ञान आपल्या जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे. काळू-बाळूंचा फड सांगलीजवळच्या कवलापूरचा. त्याही आधी, १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ करणाऱ्या विष्णुदास भाव्यांचा राजाश्रय चिंतामणराव पटवर्धनांच्या निधनानंतर सुटला, तेव्हा त्यांनी मंडळी घेऊन गावोगाव दौरे काढले आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून प्रयोग केले. आश्रयदाता नसताना श्रोत्याच्या पैशावर उभे राहण्याची वाट या मातीला नवी नाही.

फडाकडून तीन गोष्टी घ्याव्यात. पहिली म्हणजे हंगाम. फड दसऱ्याला बाहेर पडतो आणि चैत्र-वैशाखातल्या यात्रांमध्ये त्याची खरी कमाई होते, पावसाळ्यात तो घरी असतो. तुम्हीही जून ते सप्टेंबर नवी गाणी बसवावीत आणि ध्वनिमुद्रण करावे, कारण त्या दिवसांत उघड्यावर कार्यक्रम ठरवणे म्हणजे नुकसान ओढवून घेणे. परीक्षांचा मार्चही टाळावा. दुसरी गोष्ट विसाराची, म्हणजे आगाऊ रकमेची. कार्यक्रमाची सुपारी ठरली की विसार हातात पडल्याशिवाय फडाची गाडी हलत नसे. तुम्हाला पुण्यात दोन हजार कमी मिळाले, ते निम्मी रक्कम आधी घेतली असती आणि उरलेली रक्कम वाजवण्याआधी देण्याचे व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घेतले असते तर बहुधा टळले असते. तिसरी गोष्ट मार्गाची. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाताना मधल्या गावाची सुपारी मिळते का, हे फडाचा व्यवस्थापक आधी बघत असे. शनिवारी संध्याकाळी सातारा, रविवारी दुपारी कराड आणि रात्री घर असे ठरवले, तर एकाच फेरीच्या इंधनात दोन कार्यक्रम होतात.

यात्रेबद्दल माझे मत आहे की निमंत्रण घ्यावे, पण ते कमाई म्हणून घ्यावे. यात्रेत आलेला माणूस पाळण्यापासून कुस्त्यांपर्यंत सगळे बघायला आलेला असतो, त्याच्याकडून दीड तास शांत बसण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. त्या पंधरा हजारांवर पुढचे तीन लहान कार्यक्रम उभे राहत असतील, तर चित्रपटगीते मनापासून वाजवावीत आणि मधल्या वेळेत संबळाची तुमची दोनच दमदार गाणी ठेवावीत. संबळ घुमला की आपल्याकडचा माणूस वळून बघतोच.

माहुलीकर_साउंड यांचे उत्तर

मी साताऱ्यात साउंडचे काम करतो. वर दोघांनीही आवाजाचा विषय फारसा घेतलेला नाही, म्हणून लिहितो.

यात्रेतली साउंड सिस्टीम बहुतेक वेळा डीजेसाठी लावलेली असते. बेस छातीत धडधडतो आणि शब्द मात्र तिसऱ्या रांगेत पोहोचत नाहीत. तुमची गाणी शब्दांवर उभी असतील, तर हे नुकसान मोठे आहे. त्यासाठी आठ चॅनेलचा लहान मिक्सर, दोन डीआय बॉक्स (गिटार थेट मिक्सरला जोडणाऱ्या डब्या) आणि गायकाचा स्वतःचा माइक या तीन वस्तू बँडच्या मालकीच्या असाव्यात. मिक्सरवरच्या खुणा रंगीत चिकटपट्टीने करून ठेवल्या, म्हणजे नव्या ठिकाणी तासाभराचे काम पंधरा मिनिटांत होते. पन्नास माणसांच्या खोलीला दोन पॉवर्ड स्पीकर पुरतात आणि ते स्थानिक साउंडवाल्याकडून भाड्याने घ्यावेत, सांगलीहून वाहून आणू नयेत.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. त्यामुळे कार्यक्रम सातला सुरू करून साडेनऊला संपवावा आणि उघड्या जागेसाठी स्थानिक पोलीस ठाण्याची परवानगी आठवडाभर आधी मागावी. गाणी तुमची स्वतःची आहेत, तेव्हा कवी आणि संगीतकार या नात्याने आयपीआरएसचे (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे) सभासद व्हावे. ती १९६९ पासून काम करणारी संस्था आहे आणि गाण्याच्या सार्वजनिक वापरातून येणाऱ्या मानधनाचा हक्क तिच्यामार्फत राखला जातो. प्रत्येक कार्यक्रमात वाजवलेल्या गाण्यांची यादी तारखेसह जपून ठेवावी.

रेल्वेचाही विचार करावा. कोयना एक्सप्रेस सांगली, कराड आणि सातारा तिन्ही ठिकाणी थांबते. गिटार, संबळ आणि काहॉन हातातून नेता येतात. फक्त सातारा स्टेशन शहरापासून दूर आहे, म्हणून न्यायला येणारी गाडी आधी ठरवून ठेवावी.

विश्रामबागकर यांचे उत्तर

आपणा सर्वांचा अत्यंत आभारी आहे. काल रात्री आम्ही पाचही जण बसलो आणि मिरज, कोल्हापूर, कराड आणि सातारा ही चार गावे नक्की केली. सुरुवात मिरजेपासून करू, कारण जिथे सतार-तंबोऱ्याचे कारागीर आहेत आणि दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीचा उत्सव ऐकायला लोक रात्र-रात्र बसतात, तिथला श्रोता शांतपणे ऐकेल असा विश्वास वाटतो. यात्रेचे निमंत्रण निम्मा विसार आल्यावर स्वीकारायचे ठरले आहे.

कृष्णाकाठदादा, एक शंका राहिली. आमचा ड्रमर काहॉनवर यायला तयार आहे, पण संबळाच्या शेजारी काहॉनचा खालचा सूर दबतो आणि दोन्ही वाद्ये एकमेकांवर चढतात. खोली लहान असताना संबळाला माइक द्यावा की देऊ नये?

कृष्णाकाठ यांचे उत्तर

देऊ नये. संबळ खोलीच्या मागच्या कोपऱ्यात, भिंतीपासून दोन हात पुढे ठेवावा आणि माइक फक्त काहॉनच्या मागच्या छिद्रापाशी लावावा. कराडच्या वाचनालयाच्या हॉलची चौकशी मी या रविवारी करून कळवतो.