कोल्हापूरच्या जुन्या पेठांतील घरांची नोंद करताना आलेल्या अडचणी: मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार,

नवा राजवाडा किंवा टाऊन हॉल यांविषयी जाणून घ्यायचे असेल, तर मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यापासून बांधकामाच्या वर्षांपर्यंत बरेच काही लिहिलेले सापडते. शुक्रवार पेठेतील एखाद्या बोळातल्या चार खणी (दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण) सोप्याच्या, म्हणजे दर्शनी ओसरीच्या, घराविषयी मात्र घरच्यांच्या आठवणींपलीकडे काहीच हाती लागत नाही. म्हणून मी आणि माझी धाकटी बहीण गंगावेशीपासून पंचगंगा घाटापर्यंतच्या पट्ट्यात सुट्टीच्या दिवशी अशा घरांची मोजमापे, छायाचित्रे आणि माहिती जमवत आहोत. आतापर्यंत 14 घरे झाली. 2019 आणि 2021 च्या पुरांत पांढऱ्या मातीच्या भिंती भिजल्या, त्यांवर सिमेंटचा गिलावा चढवल्यामुळे आतली ओल बाहेर पडेना, आणि आता गिलावा मातीसकट सुटू लागला आहे. त्यामुळे आम्हाला थोडी घाई आहे.

मोजमापाची चूक आमची होती. प्रत्येक खण वेगळा मोजून बेरीज केली, तेव्हा दर्शनी भिंतीत 9 इंचांचा फरक आला. आता एकाच टोकापासून टेप न हलवता सलग मापे घेतो आणि खोल्या काटकोनात नसतात म्हणून कर्णही मोजतो. मात्र आठ फुटी बोळात मागे सरकायला जागाच नसल्यामुळे दर्शनी भागाचे सरळ छायाचित्र मिळत नाही. एकमेकांवर येणारे तुकडे घेऊन जोडले, तर वरच्या माडीच्या रेषा वाकतात. यावर उपाय काय?

काळ ठरवणे त्याहून अवघड आहे. मिळकत पत्रिकेवरची (प्रॉपर्टी कार्डावरची) तारीख ही भूमापनाच्या नोंदीची असते, बांधकामाची नव्हे. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना 1860 च्या दशकातला, म्हणजे तशी कौले त्याआधीची नसणार. पण कौलाच्या पाठीवरचा शिक्का वाचता आला, तरी छप्पर नंतर बदललेले असू शकते. एका घराच्या चौकटीवरील गणेशपट्टीला तेलरंगाचे इतके थर बसले आहेत की सोंड बोटाने चाचपून शोधावी लागली. तुळया, तोडे (तुळईखालचे लाकडी आधार) आणि कडीपाट (कड्या व फळ्यांचे छत) यांच्या घडणीवरून निदान पन्नास वर्षांच्या अंतराने अंदाज बांधता येतो का, हे जुन्या सुतारकामाची जाण असलेल्यांनी कृपया सांगावे.

खरी अडचण निराळीच आहे. त्या गणेशपट्टीच्या घरातील आजींनी चहा दिला, देवळीतली जुनी समई दाखवली आणि मग विचारले, "पोरी, हे लिहून नेलंस म्हंजे उद्या एक कौल बदलायचं झालं तरी परवानगी काढाय लागंल न्हवं?" आमची नोंद आणि वारसा वास्तूंची सरकारी यादी या वेगळ्या गोष्टी आहेत, 1966 च्या नगररचना कायद्याखालील यादी शासकीय प्रक्रियेतून होते, आणि तिच्यातही तिसऱ्या, म्हणजे सर्वांत खालच्या, श्रेणीच्या वास्तूंना आतील बदलांची साधारणपणे मोकळीक असते, असे मी समजावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, पण घराचा नंबर लिहू दिला नाही.

मला त्यांचे चुकले असे वाटत नाही. अनेक घरांत भावाभावांच्या वाटण्या झालेल्या नाहीत, कुठे जुने भाडेकरू आहेत. कोणती खोली कोण वापरतो हे दाखवणारा आमचा नकाशा उद्या एखाद्या दाव्यात कागद म्हणून पुढे आला, तर ज्यांनी विश्वासाने माडीपर्यंत नेले त्यांचेच नुकसान होईल. म्हणून खोल्यांच्या वापराची नोंद गाळावी, की ठेवून ती प्रकाशित करू नये? नगर भूमापन क्रमांक गाळल्यास पुढच्या अभ्यासकाला घर ओळखता येईल का? आणि घरमालकाला नंतर नोंद मागे घेण्याची मुभा देणारे सोप्या मराठीतील संमतीपत्र कोणी वापरले आहे का?

असा नमुना असल्यास कृपया येथे द्यावा. येत्या रविवारी आजींकडे पुन्हा जायचे आहे. माडीचे मोजमाप राहिले आहे, आणि या वेळी कागद आधी त्यांना वाचून दाखवायचा आहे.