मार्टिन ल्यूथर किंग दिनाला कॅम्पसवर सेवाकार्य: ६० जणांना नेमकं कोणतं काम द्यावं?

थंडीत_कुडकुड:
मंडळी, अमेरिकेतल्या विद्यापीठात आमच्या विद्यार्थी संघटनेला जानेवारीत किंग दिनानिमित्त सेवेचा कार्यक्रम करायचा आहे. साधारण ६० जण, सकाळी १० ते १. बाहेर बर्फ, गाड्या मोजक्याच, निम्मे जण एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर. नुसते डबाबंद अन्नाचे डबे गोळा करून फोटो काढायचे नाहीत. काय करावं?

कागदपत्रवाला:
आधी तारीख बघा. सुट्टी जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी, म्हणजे १५ ते २१च्या दरम्यान येते. १९९४च्या कायद्याने हा दिवस राष्ट्रीय सेवा दिन ठरला, पण म्हणून कॅम्पस उघडा असतो असं नाही. मेस बंद असते, बस सुट्टीच्या वेळापत्रकाने धावतात आणि काही ठिकाणी सत्रच सुरू झालेलं नसतं. तसं असेल तर सरळ पुढचा शनिवार धरा.

फूड बँकेत (गरजूंना धान्य वाटणाऱ्या संस्थेत) कामाला जायचं असेल तर नोव्हेंबरातच विचारा. त्या सोमवारच्या पाळ्या सर्वांत आधी भरतात आणि ६० जणांना एकदम घेणारी जागा मिळणं कठीण. १५-२०च्या तुकड्या करा. पायाची बोटं झाकणारे बूट लागतात, सँडलवाल्याला दारातूनच परत पाठवतात. पहिल्या वर्षाचे काही जण अजून १७ वर्षांचे असतात. त्यांच्या संमतीपत्रावर पालकांची सही लागते, आणि ती ऐन सकाळी भारतातून मिळवणं म्हणजे डोक्याला ताप.

गाठमारे:
गाड्या नाहीत ना, मग काम हॉलमध्येच आणा. फ्लीसची (मऊ, उबदार, लोकरीसारखं कापड) बिनशिलाईची पांघरुणं करा. पण कापड घेण्याआधी ती जिथे द्यायची त्या बेघरांच्या निवारा केंद्राला फोन करा. ढेकणांच्या भीतीने काही केंद्रं हाताने केलेलं काहीच घेत नाहीत, काहींना फक्त लहान मुलांच्या मापाची हवी असतात.

मोठ्या मापाच्या एका पांघरुणाला दीड-दीड यार्डाचे दोन तुकडे लागतात, म्हणजे ३० पांघरुणांना ९० यार्ड. गोळे न धरणारं फ्लीस घ्या. दोन्ही तुकडे उलट बाजू आतमध्ये ठेवून एकावर एक पसरा आणि कडेची जाड किनार कापून टाका. चारही कोपऱ्यांतून ४ इंचांचा चौकोन काढा. मग चारही बाजूंनी १ इंच रुंद, ४ इंच खोल पट्ट्या कापा आणि वरची पट्टी खालच्या पट्टीशी दुहेरी गाठीने बांधा. अशा साधारण १९० गाठी होतात. चौघांना एक पांघरूण तासाभरात जमतं, म्हणजे दोन फेऱ्यांत ३०.

बिघडतं ते इथे: कापताना खालचा थर सरकतो आणि पट्ट्या जुळत नाहीत, म्हणून मधोमध पिना लावा (शेवटी मोजून काढा, एकही आत राहता कामा नये). गाठ फार आवळली की कड गोळा होते आणि पांघरूण वाटीसारखं वर उचललं जातं. शाळेतल्या कात्रीने फ्लीस कापत नाही, नुसतं चावलं जातं. कापडाच्या ८ इंची कात्र्या, प्रत्येक टेबलाला दोन.

नियम_आधी:
एफ-१चं: धर्मादाय संस्थेत मुळातच बिनपगारी असलेलं काम चालतं. एरवी पगार देऊन करून घेतात ते काम फुकट केलं तरी ती नोकरी ठरू शकते. मोबदला म्हणून गिफ्ट कार्डही घेऊ नका. शंका आली तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारा.

मतदार नोंदणीचं टेबल लावायचा मोह होईल, कृष्णवर्णीयांच्या मताधिकारासाठी लढलेल्या किंग यांच्या कामाशी त्याचं नातं थेटच आहे. पण अर्ज गोळा कोणी करायचे याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. ते टेबल नागरिक असलेल्यांकडेच द्या. आणि व्हिसावरच्या कोणीही, अगदी नमुना म्हणूनसुद्धा, स्वतःच्या नावाने अर्ज भरून ‘मी नागरिक आहे’ या चौकटीत खूण करू नये. नागरिकत्वाचा खोटा दावा पुढे ग्रीन कार्डाच्या आड येतो, आणि त्यातून सुटका जवळपास नाहीच.

थंडीत_कुडकुड:
पांघरुणं नक्की. किंग यांचा संबंध कसा जोडावा? भाषण ठेवलं तर निम्मे जण मोबाइल काढतील.

मेम्फिस६८:
भाषण नको. गाठी मारताना हात गुंतलेले आणि कान मोकळे असतात, तेव्हा टेबलाटेबलावर एकाने एक पान वाचावं. विषय १९६८चा, टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहराच्या सफाई कामगारांचा संप. १ फेब्रुवारीला कचऱ्याच्या गाडीच्या दाबयंत्रात सापडून एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कामगार मेले, काही दिवसांत सुमारे १३०० कामगार कामावर जायचे थांबले. ‘मी माणूस आहे’ हे त्यांच्या हातातल्या फलकांवरचे शब्द. किंग त्यांच्यासाठीच तिथे गेले होते, ४ एप्रिलला त्यांची हत्या तिथेच झाली. किंग यांच्या वॉशिंग्टन शहरातल्या भाषणाचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेला असतो, हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

आणि फ्लीसचा बारीक भुगा गालिच्यात रुतून बसतो. सुट्टीच्या दिवशी तो उचलायला सफाई कर्मचाऱ्यांना बोलवावं लागलं तर आत्ता वाचलेलं पान फुकट गेलं. व्हॅक्यूम आधीच मागून ठेवा, शेवटची २० मिनिटं झाडलोटीला राखा आणि कचऱ्याच्या पिशव्या डंपस्टरपर्यंत (बाहेरच्या मोठ्या कचरापेटीपर्यंत) कोण नेणार त्यांची नावं यादीत लिहा.

गाठमारे:
गालिचा नसलेला हॉल मागा, हे राहिलंच होतं.