गल्लीतलं दुकान वाचवायचं तर आधी उधारी फेडा

हिशोबी_इतवारी
नागपुरातल्या वसाहतींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक आवाहन फिरतंय : 'पुन्हा कोरोनासारखी साथ आली तर २०२० सारखं नको. प्रत्येक घरानं किराणावाल्याला २००० रुपये आगाऊ द्यावेत, सामान नंतर उचलावं.' खाली हात जोडलेल्यांची रांग. जरा गणित करा. ५० घरं म्हणजे १ लाख. किराण्यात शंभराला दहा सुटतात असं धरलं तर त्या लाखातले १०,००० दुकानदाराचे, बाकी ९०,००० तुमच्याच मालाचे. भाड्यात आणि वीजबिलात त्यातले ३०,००० गेले, तर पुढच्या महिन्यात तांदूळ कुठून देणार? ठोकवाला तेव्हाच उधार थांबवून रोख मागतो. मदत करायची तर वहीतलं जुनं खातं मोकळं करा. तो पैसा त्याचाच आहे, त्यावर पुढं काही द्यायचं राहत नाही.

तर्रीबाज
उधारी फेडा म्हणे! ज्याची रोजी बंद पडली तोच उधारीवर घेते ना भाऊ. पगारवाल्याची वहीत असून असून असते किती? अन् पोहेवाल्याच्या ठेल्यावर वही कुठची? त्याचं काय करता?

हिशोबी_इतवारी
पगारवाल्यांसाठीच लिहिलंय, रोजीवाल्याचं नाव कुठं घेतलं? ठेल्यासाठी १ जून २०२० पासून केंद्राची पीएम स्वनिधी कर्जयोजना होती. १०,००० रुपये कर्ज, १२ हप्ते, वेळेवर फेडले की व्याजात ७ टक्के सूट.

तर्रीबाज
होती ना, कागदावर! विक्रेत्याचं प्रमाणपत्र नाही तं मनपाचं शिफारसपत्र पाहिजे. तेही मिळालं तं आधारला जोडलेला मोबाइल नंबर जुना, ओटीपी भलत्याच्याच फोनवर. फॉर्म तिथंच अडकते. मदत करायचीच हौस असन तं ठेलेवाल्याच्या आधारमधला मोबाइल नंबर अपडेट करून द्या, साथ यायच्या आधी. अन् ॲपवरून तर्री-पोहे मागवणं म्हणजे मदत नाही. कमिशन २५ टक्के धरा, २०० च्या ऑर्डरवर ५०, त्या ५० वर १८ टक्के जीएसटी म्हणजे ९. हातात १४१, त्यातच डबा-पिशवी. फोन करून स्वतः जाऊन आणा.

धरमपेठी
पैशाचं चाललंय ते चालू द्या. ग्राहक परत येतो तो भरवशावर. दुकानात तासातासाला सॅनिटायझर आणि ब्लीचिंगचा फवारा मारला, तर लोक येतील. सलूनवाल्यांना हे शिकवायला हवं.

लॅबवाला_सक्करदरा
कृपा करून हे शिकवू नका. २८ जून २०२० ला राज्यात सलून उघडले तेव्हा परवानगी कटिंगची होती, दाढीची नाही. कारण तोंडासमोर तोंड. फवाऱ्यानं ते अंतर वाढत नाही. माणसांवर रसायन फवारू नका, हे केंद्रीय आरोग्य मंत्रालयानंही एप्रिल २०२० मध्येच सांगितलं होतं. ब्लीचिंग वापरायचंच तर रीतीनं : पावडरीत क्लोरीन साधारण ३० टक्के, म्हणजे १ टक्क्याच्या द्रावणासाठी लिटरला ३३ ग्रॅम. प्लास्टिकच्या बादलीत कालवा, गाळ बसू द्या, वरचं पाणी घ्या. रोज ताजं करा. आपल्या मे महिन्यात उघडी पडलेली पावडर लवकर जोर गमावते. कंगवा आधी साबणानं धुवा, तेल-केस राहिले तर क्लोरीन त्यांच्यातच संपतं. मग १० मिनिटं बुडवा. कात्री बुडवू नका, गंजून धार जाते. तिला ७० टक्के स्पिरिट, तेही ड्रायरपासून लांब. आणि संडास धुवायच्या ॲसिडच्या बाटलीत हे पाणी कधीही ओतू नका, विषारी वायू निघतो.

धरमपेठी
म्हणजे ब्लीचिंग चालतं! एवढा कांगावा कशासाठी?

लॅबवाला_सक्करदरा
कंगव्याला चालतं, हवेला नाही, आणि ही साथ हवेतून पसरली. बंद काचेत एसी लावलेलं सलून म्हणजे तीच हवा गोल गोल. त्यापेक्षा आपला खिडकीतला कूलर बरा, तो बाहेरची हवा आत ढकलतो. पण मागची बाजू बाहेर हवी. खोलीत स्टँडवर ठेवलेला कूलर आतलीच हवा ओली करून परत देतो.

तर्रीबाज
अन् समोरचं दार लावून ठेवलं तं कूलर फेकते काय, कप्पाळ? हवेला निघायला जागा पाहिजे. हे ना नागपूरच्या लेकराले समजते. धरमपेठेत समजत नसन, तिकडं सारं एसी.

धरमपेठी
वैयक्तिक होऊ नका. ठीक आहे, फवारा मागे घेतो. पण दार उघडं ठेवलं की रांग आत घुसते, त्याचं काय?

हिशोबी_इतवारी
धागा किराण्याचा होता. असो. रांग घुसते कारण वेळ कापली जाते. २० एप्रिल २०२१ च्या रात्रीपासून किराणा-भाजी सकाळी ७ ते ११ एवढीच होती. दिवसभराचं गिऱ्हाईक चार तासांत कोंबलं, तर गर्दी कमी होईल की वाढेल? यादी आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर घ्या, सामान बांधून वर घर नंबर लिहा, दर १५ मिनिटांना पाच घरं बोलवा. चार तासांत ८० घरं होतात, दाराशी पाचच माणसं. पैसे बँक खात्यातून यूपीआयनं, त्यावर दुकानदाराला कमिशन पडत नाही.

तर्रीबाज
यादी रात्री घेतली तं बांधायले दोन पोरं लागतात. त्यांची मजुरी कोण देते, ५० घरांचे जोडलेले हात?

हिशोबी_इतवारी
बरोबर. यादीमागे १० रुपये बांधणावळ लावा. ८० घरांचे ८००, दोन पोरांना ४००-४००. आगाऊ २००० पेक्षा स्वस्त पडेल.

तर्रीबाज
पहिल्यांदा कामाचं बोलला. आता १० रुपयात घासाघीस करणारे याच ग्रुपमधून निघतात का नाही, पाहा.