सत्तास्थानी स्त्री: काव्यस्पर्धा की आरतीसंग्रह?

टाचणी
‘सत्तास्थानी स्त्री’ या काव्यस्पर्धेची गुणपत्रिका आयोजक लेखणीबहाद्दर यांनी काल इथे मोठ्या कौतुकाने डकवली. विषयाशी निष्ठा 40, आशय 25, भाषा 20, वृत्त-लय 15. कवींची नावं झाकलेली, तीन परीक्षक, ज्याची बेरीज जास्त तो पहिला. वर ‘याहून पारदर्शक पद्धत असूच शकत नाही’ हे प्रशस्तिपत्रक. तेव्हापासून डोकं फिरलंय.

विषयाला 40 गुण ठेवले की कवी पहिल्याच कडव्यात खुर्ची, सिंहासन आणि रणरागिणी पेरून मोकळा होतो. परीक्षक तरी काय करणार? विषय समोर ढळढळीत दिसतोय, म्हणून 34 ते 38 देऊन पुढे जातो. सगळ्यांनाच 35च्या आसपास मिळाले, तर त्या 40 गुणांनी निवडलं कुणाला? विषय ही चाळणी हवी. बसतो की बसत नाही, एवढंच. मग पूर्ण 100 गुण कवितेचे.

आणि सत्ता म्हणजे निर्णय. अहिल्याबाईंवरची कविता उघडा: घाट, देवळं, हातात पिंड. 1767 साली मुलगा मालेराव गेल्यावर दत्तक घेऊन कारभार दुसऱ्यांच्या हाती सोपवा म्हणून दिवाणाने धरलेला आग्रह, राघोबादादांचं फौजेसह चालून येणं, आणि बाईंचा नकार, हा खरा सत्तेचा प्रसंग. तो कुणी लिहीत नाही, कारण त्यात आरती बसत नाही.

लेखणीबहाद्दर
नुसती चाळणी ठेवलीत तर लोक जुनी प्रेमकविता काढतील, ‘प्रिये’च्या जागी ‘राज्ञी’ घालतील आणि पाठवतील. विषयाला वजन असतं म्हणूनच ही भेसळ अडते. स्पर्धा चालवायला बसा, मग कळेल. आणि घाटांचा एवढा राग का? घाट बांधायला खजिना लागतो, खजिन्यावर हुकूम लागतो. तीही सत्ताच.

टाचणी
मग त्या हुकुमावर लिहा की! दगडावर कशाला लिहिता?

मोडीवाचक
अहिल्याबाई सोप्या आहेत, सगळ्यांना आवडतात. ताराबाईंवर लिहून दाखवा. 1700 ते 1707 औरंगजेबाशी झुंज, इथवर सगळे उत्साहाने येतात. पण नातू म्हणून स्वतः पुढे आणलेल्या रामराजाला 1750 मध्ये त्यांनीच साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केलं, तिथे कवींची शाई वाळते. सत्तेतल्या बाईचं चुकणं, डाव टाकणं, हरणं कवितेत आलं की परीक्षक ‘विषयाचा अवमान’ म्हणून गुण कापतात. गौरवगीत हवं असेल तर नियमात तसं लिहा, म्हणजे आमचा वेळ वाचेल.

यतिभंग
विषयाचं जाऊ द्या, वृत्ताला फक्त 15? आलेल्या कविता वाचल्यात का? एका भुजंगप्रयातात सरळ ‘महाराणी’ कोंबलाय. लगागागा! (ल म्हणजे लघू, आखूड अक्षर; गा म्हणजे गुरू, लांब अक्षर.) चार यगणांच्या, म्हणजे लगागा हा तीन अक्षरांचा गण चारदा येणाऱ्या, त्या वृत्तात सलग तीन गुरू कुठेच येत नाहीत. ‘सभापती’चीही तीच गत, लगालगा, इथे दोन लघूंमध्ये एकटा गुरू येत नाही. ‘पंतप्रधान’ फक्त ओळीच्या शेवटी चालेल, पादान्त लघू गुरू धरून.

कोरा कागद
म्हणून आम्ही मुक्तछंदात लिहितो. पदांची नावंच वृत्तात मावत नसतील, तर वृत्ताला गुण हवेत कशाला? सत्तेची भाषा आदेशाची असते, टिपणीची असते. ‘उपरोक्त विषयान्वये’ला कुठला गण लावणार?

यतिभंग
न मावणाऱ्या शब्दासाठी वृत्त बदलतात, वृत्त सोडून देत नाहीत. ‘महाराणी’ शिखरिणीच्या सुरुवातीला चपखल बसते, तिथे एका लघूनंतर पाच गुरू येतात. ‘अध्यक्षा’ गागागा, म्हणजे शार्दूलविक्रीडिताचा पहिला मगण आयता मिळाला. ‘मुख्यमंत्री’ गालगागा, भुजंगप्रयातात तिसऱ्या अक्षरापासून चालतो. ‘अहिल्या’ तर स्वतःच यगण आहे. मेहनत नको असते, तेव्हा मुक्तछंदाचं तत्त्वज्ञान आठवतं.

कोरा कागद
मुक्तछंद म्हणजे गद्याला एन्टर मारणं नव्हे, हे तुम्हाला आता शंभराव्यांदा सांगतोय. ओळ कुठे तोडली यावर अर्थ फिरतो. ‘तिने सही केली नाही’ हे वाक्य ‘केली’नंतर तोडा, मग बघा. सत्ता मिळाली आणि नाकारलीही, एका ‘नाही’वर. हे तुमच्या लगावलीत मोजा.

आणि ‘अहिल्या’ यगण कसा? ‘तुझ्या’मधला ‘तु’ लघूच धरता ना? मग ‘हि’ गुरू कुठून आला?

यतिभंग
जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर आला की ते गुरू. ‘तुझ्या’ उच्चारताना ‘तु’वर जोर नाही. ‘अहिल्या’त ‘हिल्’ असं थांबावं लागतं. मोठ्याने म्हणून बघा, पाठ्यपुस्तक नको.

सहीची ओळ बरी आहे. (मुक्तछंद असूनही.)

मोडीवाचक
‘पंतप्रधान’ फक्त शेवटी हे चूक. ‘पंतप्रधानास’ करा, गागालगागाल, भुजंगप्रयातात दुसऱ्या अक्षरापासून बसतो. विभक्ती नावाची सोय भाषेने दिली आहे.

यतिभंग
मान्य. मूळ रूपाबद्दल बोलत होतो, तरी मान्य. खूश?

बेरीज-वजाबाकी
गणांवर रण माजलंय आणि खरा घोटाळा शेवटच्या ओळीत आहे: ‘बेरीज जास्त तो पहिला’. एक परीक्षक सगळ्यांना 55 ते 65 देतो, दुसराही तसाच, तिसरा 20 ते 95. बेरीज केली की निकाल तिसरा जवळजवळ एकटा लावतो, कारण बाकी दोघांचा फरक प्रत्येकी जास्तीत जास्त 10 गुणांचा. उपाय सोपा आहे. प्रत्येक परीक्षकाच्या गुणांवरून क्रमांक काढा, क्रमांकांची बेरीज करा, सगळ्यांत कमी तो पहिला. बरोबरी झाली तर फक्त त्या कविता तिघांनी एकत्र बसून वाचायच्या.

शिवाय तिघांना कविता वेगवेगळ्या क्रमाने द्या. सुरुवातीच्या कवितांना परीक्षक हात राखून गुण देतो, चाळिसाव्या रणरागिणीला त्याचे डोळे मिटत असतात. एकच क्रम ठेवलात तर तिघांचाही कंटाळा त्याच कवितांच्या वाट्याला येतो. आणि नाव झाकलं म्हणता, तर फाइलचं नाव बघा, आणि फाइलच्या माहितीत लेखकाचं नाव राहतं तेही पुसा. मक्त्यात, म्हणजे शेवटच्या शेरात, तखल्लुस (कवीचं टोपणनाव) असलेली गझल आली तर नाव झाकूनही उपयोग शून्य. मक्ता चालणार नाही हे नियमातच हवं.

लेखणीबहाद्दर
क्रमांकांची पद्धत घेता येईल. मक्त्याचं लक्षात आलं नव्हतं. पण 40 गुण राहणार.

टाचणी
ठेवा. मग ते दोन भागांत तरी फोडा: विषय दिसतो का याला 10, आणि सत्ता वापरताना ती बाई दिसते का याला 30. म्हणजे नुसत्या रणरागिणीला 10 वरच थांबावं लागेल.

लेखणीबहाद्दर
30 नाही, 20. आणि 10 ताराबाईंसाठी राखून ठेवतो, मोडीवाचकांनी कविता पाठवली तर.

मोडीवाचक
वृत्तात की मुक्तछंदात ते आधी ठरवा, नाहीतर यतिभंग पुन्हा येतील.

यतिभंग
आलोच आहे. ‘ताराबाई’ गागागागा. मंदाक्रांता, पहिली चार अक्षरं. चौथ्यावर यती, म्हणजे थांबासुद्धा.