मदत हवी आहे: उपासनेत डोक्यावर पदर घ्यायलाच हवा का?

जय ख्रिस्त सगळ्यांना. मी लहानपणापासून भायखळ्याच्या चर्चमध्ये जायचे, तिथे डोक्यावर घ्या न घ्या कोणी विचारत नाही, पण लग्नानंतर कुर्ल्याला सासरच्यांच्या चर्चमध्ये जाते आणि तिथे सगळ्या बायका पदर नाहीतर ओढणी घेतात. गेल्या रविवारी मी कुर्ता-जीन्सवर गेले, ओढणी घरीच राहिली, तर प्रार्थना सुरू व्हायच्या आत मागच्या बाकावरच्या मावशींनी पर्समधला रुमाल काढून सरळ माझ्या डोक्यावर ठेवला! रुमालाला विक्सचा वास, प्रार्थनेत लक्ष कसलं लागतंय.

घरी येऊन बायबलमधलं १ करिंथ ११ (पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय ११) वाचलं. ५ व्या वचनात प्रार्थना करताना स्त्रीने मस्तक झाकावं असं आहे, मग १५ व्यात लांब केसच आच्छादनासाठी दिलेत म्हणे, मग वेगळी ओढणी कशाला? आणि १० व्यातलं ‘देवदूतांमुळे’ म्हणजे नेमकं काय? माझी कॅथलिक मैत्रीण म्हणते त्यांच्याकडे चर्चच्या १९१७ च्या कायद्यात डोकं झाकायचा नियम होता, १९८३ च्या नवीन कायद्यात तो राहिलाच नाही.

सासूबाईंशी वाद नकोय, ओढणी घेईन मी, पण का घेतेय ते तरी कळू दे. तुमच्या पाळकांनी हे कसं शिकवलंय?