गिरणारे परिसरात दोन एकरांवरील आधुनिक फार्महाऊस विक्रीला: हे घर मानायचे की शेत?

धागाकर्ता, गंगापूर रोड

नाशिकजवळच्या गिरणाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गावात दोन एकर शेतजमिनीवर बांधलेले फार्महाऊस विक्रीला आहे. जाहिरातीत चार बेडरूम, उंच छताचा हॉल, काचेची सरकती दारे, पोहण्याचा तलाव आणि ओसरीवरून दिसणारे डोंगर यांचे सविस्तर वर्णन आहे. जमिनीविषयी मात्र ‘दोन एकर, पाणी मुबलक’ एवढेच लिहिले आहे. काल मी ते पाहून आलो. घर देखणे आहे, यात शंका नाही. परंतु एप्रिलमध्ये विहिरीला किती पाणी उरते, माती कशी आहे, बांधाला शेजारी कोण आहेत, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर घर दाखवणाऱ्याला देता आले नाही. दोन एकर म्हणजे ऐंशी गुंठे. ज्या पट्ट्यात टोमॅटोचा एवढा मोठा बाजार भरतो, तेथील ऐंशी गुंठे हिरवळीचा गालिचा आणि तलाव यांत अडकावेत, हे मला पटत नाही. अशा व्यवहारांत शेतकरी असल्याचा दाखला केवळ खरेदीपुरता वापरला जातो आणि पुढे शेती कोणीच करत नाही. ही पळवाट बंद व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

द्राक्ष बागायतदार, दिंडोरी

आपल्या मताशी मी पूर्णपणे असहमत आहे. आम्ही आमच्या चार एकरांपैकी दीड एकर अशाच एका कुटुंबाला विकले. ऑक्टोबर छाटणीनंतर घड फुलोऱ्यात असताना अवकाळी पाऊस झाला की डाऊनी (केवडा रोग) येतो, फवारण्यांचा खर्च वाढतो आणि हाती आलेला माल व्यापारी पडत्या भावाने मागतो; सलग दोन हंगाम असे गेल्यावर सोसायटीचे कर्ज कशातून फेडायचे? विक्रीच्या पैशातून कर्ज फिटले आणि उरलेल्या बागेवर प्लॅस्टिकचे आच्छादन करता आले. कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ नुसार परवानगीशिवाय आम्ही बिगरशेतकऱ्याला जमीन विकू शकत नाही, म्हणजे गिऱ्हाईक आधीच मोजके. त्यातही घेणाऱ्याने काय पिकवावे हे शहरातील मंडळी ठरवणार असतील, तर आमच्या जमिनीला भाव देणार कोण?

त्र्यंबक रस्त्याकडील रहिवासी

मी निवृत्तीनंतर सात वर्षांपूर्वी असेच घर घेतले, म्हणून दोन्ही बाजूंचे थोडे सांगतो. पहिल्या वर्षी पहाटे सुरू होणाऱ्या फवारणीच्या ब्लोअरबद्दल मी शेजाऱ्यांकडे तक्रार घेऊन गेलो होतो. वारा पडलेला असतानाच फवारावे लागते, हे त्यांनी शांतपणे समजावून सांगितले, तेव्हा माझी मलाच लाज वाटली. आमची जमीन काळी आहे; ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पाया नीट न घेतलेल्या पडवीच्या भिंतीला तिसऱ्या वर्षी तडे गेले. जाहिरातीतील छायाचित्रांवरून यातले काहीही कळत नाही.

जमीन पडीक राहते, हा धागाकर्त्यांचा आक्षेप खरा आहे, पण त्याचे कारण दर वेळी अनास्था हेच नसते. शेजाऱ्याला जमीन अर्धेलीने द्यावी, असे अनेकांच्या मनात असते. कुळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर कायदेशीर हक्क सांगेल, या भीतीने ते देत नाहीत. मी दिली. आज तेथे भाजीपाला होतो.

महसूल खात्यातून निवृत्त

धागाकर्त्यांनी वापरलेला ‘पळवाट’ हा शब्द अचूक नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये ‘शेतघर’ ही संकल्पना आहेच. अवजारे, धान्य, जनावरे आणि शेतकऱ्याच्या कुटुंबाचे राहणे यांसाठी ते बांधता येते. मात्र तेच घर शनिवार-रविवारी पाहुण्यांना भाड्याने दिले जात असेल, तर तो शेतीचा वापर उरत नाही आणि अकृषिक परवानगीचा प्रश्न येतो. शेतीपंपाच्या वीजजोडणीवर तलावाची मोटर चालत असेल, तर तेही नियमात बसत नाही.

घेणाऱ्याने घराआधी सातबारा वाचावा. भोगवटादार वर्ग २ (म्हणजे हस्तांतरावर सरकारी निर्बंध असलेली जमीन) असेल, तर परवानगीशिवाय हस्तांतर होत नाही. जमीन मुळात आदिवासी खातेदाराची असेल, तर याच संहितेचे कलम ३६ अ लागू होते आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय बिगरआदिवासीला ती घेताच येत नाही. नाशिकच्या पश्चिम पट्ट्यात हा मुद्दा वारंवार येतो, म्हणून जुने फेरफार, म्हणजे मालकीबदलाच्या नोंदी, मागे जाऊन तपासावेत. नावावर दोन एकर असले, तरी ते सामाईक गटातील अविभक्त हिस्सा असू शकतात, तेव्हा मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत मागावी. आणि रस्ता! डांबरी रस्ता संपल्यानंतरची शेवटची वाट दुसऱ्याच्या बांधावरून जात असेल आणि त्याची कुठेही नोंद नसेल, तर उद्या ती अडवली गेल्यावर तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली दाद मागत बसावे लागते. अशी प्रकरणे मी वर्षानुवर्षे हाताळली आहेत. त्यांत शेजारसंबंध कायमचे तुटतात.

धागाकर्ता, गंगापूर रोड

बागायतदार दादा, विकणाऱ्याच्या अडचणीचा मी विचार केला नव्हता, हे मान्य करतो. आपण जमीन विकू नये, असे मी म्हणणार नाही. घेणाऱ्याने ती पिकती ठेवावी, हा आग्रह मात्र सोडणार नाही, आणि तो आता स्वतःलाही लागू करतो, कारण घर माझ्या पत्नीला आवडले आहे. सोमवारी तलाठी कार्यालयात जाऊन फेरफार काढतो. विहिरीबद्दल नेमके काय विचारावे?

द्राक्ष बागायतदार, दिंडोरी

विहीर सामाईक आहे का, हे आधी पाहा; हिस्सा असल्यास तो सातबाऱ्यावर इतर हक्कांत लिहिलेला असतो. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतील, तर आपली पाळी कोणत्या वारी येते, हे विकणाऱ्याला न विचारता शेजारच्या शेतकऱ्याला विचारा. आणि जमीन घेतलीत, तर तलाव भरायला उन्हाळ्यात त्यांच्या पाळीला हात लावू नका.