पद्मिनीच्या ऑइल प्रेशर मीटरला सेंडर कोणता घ्यावा? (बजेट हजाराच्या आत)

पद्मिनी_८५
प्रीमियर पद्मिनी, १९८५, पेट्रोल, १०८९ सीसी. तेलाचा दाब घटला की लागणाऱ्या मूळ दिव्याच्या स्विचच्या जागी आधीच्या मालकाने अडॅप्टर लावून पितळी टी (तीन तोंडांचा जोड) बसवली आहे. एका तोंडाला दिव्याचा स्विच, दुसऱ्याला काट्याच्या मीटरचा सेंडर (दाबाप्रमाणे ओहम बदलून मीटरला दाब कळवणारा डबा). सेंडरचा डबा जिथे दाबून बंद केलाय तिथून तेल पाझरतं, तार वीतभर ओली होते. नंबर पुसला गेलाय. मीटर ० ते १० बार (दाबाचं एकक). गरम इंजिनला आयडलवर ३ दाखवतं, २५०० आरपीएमला ८. दुकानात "पद्मिनीचा द्या" म्हटलं की दिव्याचाच स्विच हातात ठेवतात. बजेट १००० रुपये.

तांब्याची_नळी
सेंडरच्या भानगडीत पडूच नका. मेकॅनिकल मीटर घ्या, इंजिनच्या ब्लॉकपासून डॅशबोर्डपर्यंत तेल नेणारी तांब्याची नळी. ओहम नाही, अर्थिंग नाही. तीन-साडेतीन हजारांत सगळा सेट येतो. इंजिनाजवळ नळीला दोन वेढे ठेवा, नाहीतर कंपनांनी तुटते.

जुना_बाजार_रविवार
बजेट हजार लिहिलंय हो त्यांनी. आणि ती नळी तुटली तर गरम तेल पायावर येतं, त्याचं काय?

ओहम_पुणे
आधी मल्टिमीटर काढा. इंजिन बंद, सेंडरची तार काढलेली, २००० ओहमची रेंज. एक टोक टर्मिनलला, दुसरं डब्याला. १०च्या आसपास आलं तर सेंडर युरोपियन पद्धतीचा: शून्य दाबाला १०, पूर्ण दाबाला साधारण १८०. २४०च्या आसपास आलं तर अमेरिकन, तो उलटा चालतो, पूर्ण दाबाला ३३. मीटरही तपासा. चावी चालू करून सेंडरकडची तार बॉडीला टेकवा. काटा शून्याला बसला तर मीटर युरोपियन, पूर्ण वर गेला तर अमेरिकन. जोडी जुळली नाही तर काटा खोटंच सांगणार.

पद्मिनी_८५
सेंडर ११ ओहम. तार टेकवली की काटा शून्यावर.

ओहम_पुणे
म्हणजे जात जुळते, तरी गडबड आहे. गरम इंजिनात ८ बार म्हणजे फार झालं, जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह त्याच्या कितीतरी आधी उघडायला हवा. तुमच्या ० ते १०च्या मीटरला ० ते ५ बारचा सेंडर लागलाय. दोघांचा ओहमचा पल्ला १० ते १८०च, म्हणून दुकानदार "चालेल" म्हणतो. पण ५ बारलाच सेंडर १८० गाठतो आणि मीटर त्याला १० समजतं. सगळं दुप्पट दिसतं. तुमचा खरा दाब आयडलला दीड आणि २५००ला ४ असणार. इंजिनासाठी हे आकडे चांगलेच आहेत, पण दाब दीडचा पाऊण झाला तरी मीटर दीडच दाखवेल आणि तुम्ही निर्धास्त राहाल. नवा घेताना डब्यावर बारचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

सातारा_मिस्त्री
आट्यांचं कुणीच बोललं नाही. एक सुताचे (इंचाचा आठवा भाग) आटे म्हणून बाजारात तीन प्रकार गळ्यात मारतात. एनपीटी (अमेरिकन पाइपचे आटे): व्यास सुमारे १०.३ मिमी, इंचाला २७ आटे. बीएसपी (ब्रिटिश पाइपचे): ९.७ मिमी, २८ आटे. मेट्रिक एम१०: १० मिमी, पिच (दोन आट्यांतलं अंतर) १ मिमी. नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसतात. चुकीचा आटा दोन फेरे सहज जातो, मग आवळतो, माणसाला वाटतं बसला. तो गळतो आणि पितळी टीचे आटे खातो. कॅलिपर आणि पिच गेज दोन्ही लावा. ब्लॉकमधलं अडॅप्टरही मोजूनच घ्या. या गाड्यांची इंजिनं बदललेली असतात, आरसीवरच्या मॉडेलवर विसंबू नका.

जुना_बाजार_रविवार
आट्यांना टेफ्लॉन टेप चार वेढे, गळती बंद.

सातारा_मिस्त्री
टेप अजिबात नको. एक टर्मिनलचा सेंडर अर्थ आट्यांतूनच घेतो. जाड टेपने अर्थ कमजोर झाला तर काटा नाचतो. शिवाय तुटलेला धागा तेलाच्या वाटेत गेला तर बाहेर कसा काढणार? उतरत्या आट्यांना थोडं लिक्विड सीलंट, पहिले दोन आटे कोरडे. सरळ आटे असतील तर तांब्याचं वायसर, बाकी काही नाही.

जुना_बाजार_रविवार
घट्ट केलं की आटे टेप कापतात आणि अर्थ मिळतोच. गळती तर डब्याची आहे, आट्यांची नाहीच.

ओहम_पुणे
गळतीचं कारण पान्याची जागा. सेंडर नेहमी खालच्या षट्कोनी भागावर पाना लावून फिरवायचा. डबा धरून पिळला की दुमड सैल होते, आतला पडदा हलतो, तेल वर चढतं.

कुडाळ_फियाट
दोन टर्मिनलचा सेंडर घ्या, टीची गरजच संपते. 'जी' खूण असते ती मीटरची तार, 'डब्ल्यूके' ती दिव्याची. १२ व्होल्टची तार चुकूनही थेट 'जी'ला देऊ नका: १० ओहममधून जवळपास सव्वा अँपिअर जातो, आतली बारीक तार जळते. डबा जड असतो. टीवर लोंबकळत ठेवला तर पितळ मानेशी तुटतं आणि इंजिन मिनिटभरात तेल ओकतं. लवचिक होज घेऊन डबा बॉडीला क्लॅम्प करा, अर्थची तार वेगळी द्या.

तांब्याची_नळी
सेंडर, होज, अडॅप्टर, क्लॅम्प, बेरीज करून बघा. माझ्या सेटच्या वर जाते.

पद्मिनी_८५
गॅरेजमध्ये मेकॅनिकल मीटर लावून मोजलं: गरम आयडलला १.४, २५००ला ४. ओहम_पुणे यांचा अंदाज बरोबर निघाला, मनापासून आभार.
सेंडर घेत नाही. टी काढली, अडॅप्टर काढलं. ब्लॉकचे आटे मोजले, एम१४, पिच १.५. नाना पेठेतून त्याच मापाचा दिव्याचा स्विच आणि तांब्याचं वायसर आणलं. चावी चालू केली की दिवा लागतो, इंजिन सुरू झालं की विझतो. तीन सांधे कमी झाले आणि गाडी कारखान्यातून आली तशी झाली. मीटर काढून ठेवलंय.

ओहम_पुणे
चुकताय. तो दिवा अर्ध्या बारच्याही खाली गेल्यावर लागतो. तोवर बेअरिंगला कोरडं घासायला वेळ मिळालेला असतो.

पद्मिनी_८५
म्हणून दर सर्व्हिसला गॅरेजच्या मीटरने गरम इंजिनाचा दाब मोजून वहीत लिहिणार. पहिली नोंद १.४ झाली.

तांब्याची_नळी
मोजायला मेकॅनिकलच लागलं ना शेवटी!